ताजं दूध आणि ॲलिस इव्हान्स

कुवेतमध्ये हिवाळा आला की वाळवंटात तंबू लागतात. तुम्हीही आई-बाबांबरोबर कॅम्पला गेला असाल. तिथे उंट दिसतात, शेळ्या-मेंढ्यांचे कळप दिसतात. कधी कुणी प्रेमानं ताजं, न तापवलेलं दूधही प्यायला देतं. आपल्याकडे गावी आजोबासुद्धा धारोष्ण दुधाचं कौतुक करतात. धारोष्ण म्हणजे नुकतंच काढलेलं, अजून कोमट असलेलं दूध. इतकं ताजं दूध वाईट कसं असेल, असं तुम्हाला वाटेल. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. ॲलिस इव्हान्स यांना मात्र त्या दुधात काहीतरी वेगळं दिसलं.

ॲलिस यांचा जन्म १८८१ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकरी घरात झाला. पुढे शिकायची खूप इच्छा होती, पण पैसे नव्हते. म्हणून त्या चार वर्षं शाळेत शिकवत होत्या. मग कॉर्नेल विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षकांसाठी एक मोफत वर्ग आहे, असं त्यांना कळलं. त्या तिथे गेल्या आणि विज्ञानात रमल्या. जंतूंचा अभ्यास करून १९०९ मध्ये त्यांनी पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी वरची पदवीही घेतली. नंतर सरकारच्या दुग्ध विभागात त्यांना नोकरी लागली. काम होतं दुधातले जंतू शोधण्याचं.

आता थोडं मागे जाऊया. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या इंग्रज सैनिकांना एक विचित्र ताप यायचा. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. अंग दुखायचं, खूप घाम यायचा. असं महिनोन्‌महिने चालायचं. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी या तापाचे जंतू शोधले. पण ते येतात कुठून? याचं उत्तर १९०५ मध्ये माल्टाच्याच डॉक्टर झामिट यांना सापडलं. जंतू शेळ्यांमध्ये होते! शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, पण त्यांच्या दुधातून रोग पसरत होता. सैनिकांना ते दूध देणं बंद केलं आणि त्यांच्यातला ताप जवळजवळ नाहीसा झाला.

गाईंनाही एक रोग व्हायचा. त्यात वासरू दिवस भरायच्या आधीच, बहुतेक वेळा मेलेलं जन्माला यायचं. त्याचे जंतू डेन्मार्कच्या बांग यांनी १८९७ मध्ये शोधले होते. पण हा रोग फक्त जनावरांचा, माणसाला त्याचं भय नाही, असं सगळे धरून चालले होते.

ॲलिस यांनी एक साधी गोष्ट केली. शेळीचे जंतू आणि गाईचे जंतू शेजारी-शेजारी ठेवून तपासले. दोन्ही इतके सारखे निघाले, की त्यांना वेगळं ओळखणं कठीण झालं. आणि गाईचे जंतू तर निरोगी दिसणाऱ्या गाईंच्या अगदी ताज्या दुधातही होते! मग गाईच्या कच्च्या दुधानं माणूस आजारी पडणार नाही कशावरून? म्हणून दूध तापवूनच विकावं, असं त्यांचं मत झालं. हे सगळं त्यांनी १९१७ मध्ये शास्त्रज्ञांसमोर मांडलं.

कुणी विश्वास ठेवला का? फारच थोड्यांनी. हे खरं असतं, तर आधीच कुणाला तरी कळलं असतं, असं लोकांना वाटलं. त्यातून ॲलिस यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि त्या बाई होत्या. दूधवालेही रागावले.

ॲलिस काम करतच राहिल्या. पण १९२२ मध्ये त्या स्वतःच आजारी पडल्या. प्रयोगशाळेतले तेच जंतू त्यांच्या शरीरात शिरले होते. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. हा त्रास त्यांना सुमारे वीस वर्षं अधूनमधून झाला. त्यांना काही रोगच नाही, सगळे मनाचे खेळ आहेत, असंही काही डॉक्टरांना वाटलं. विचार करा, ज्या रोगाबद्दल त्या जगाला सांगत होत्या, तोच त्यांना झाला होता आणि तरी कुणाला खरं वाटत नव्हतं!

हळूहळू इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनाही तेच दिसू लागलं. १९२८ मध्ये ॲलिस अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९३० च्या दशकात अमेरिकेत ठिकठिकाणी दुधाचं पाश्चरीकरण सक्तीचं होत गेलं. १९७५ मध्ये, ९४ व्या वर्षी, त्या वारल्या.

या रोगाला आता ब्रुसेलोसिस म्हणतात. कुवेतमध्ये तो अजूनही आढळतो. अरबीत त्याचं नाव आहे अल-हुम्मा अल-माल्तिया, म्हणजे माल्टाचा ताप! जंतू असले तरी दुधाचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. म्हणून दूध तपासावं लागतं. गाईच्या कच्च्या दुधात रंग दिलेल्या मेलेल्या जंतूंचा एक थेंब घालतात. गाईला हा रोग असेल, तर वर आलेल्या मलईत रंगीत कडं दिसतं. मग त्या गाईचं रक्त तपासतात.

घरी काय करायचं? दुकानातल्या दुधाच्या डब्यावर अरबीत मुबस्तर लिहिलंय का, ते वाचा. मुबस्तर म्हणजे पाश्चरीकरण केलेलं. ७२ अंश सेल्सियसला पंधरा सेकंद तापवलं, तरी हे जंतू मरतात. आणि कॅम्पवर कुणी कच्चं दूध दिलं, तर आभार मानून सांगा, की आमच्या घरी दूध तापवूनच पितात. आजीही तेच करते ना?

शब्दार्थ
कळप – एकत्र फिरणारी जनावरं
ठणठणीत – अगदी निरोगी
सक्तीचं – करायलाच हवं असं
पाश्चरीकरण – जंतू मारण्यासाठी दूध ठरावीक वेळ तापवणं

उत्तरं लिहा
१. सैनिकांचा ताप कशामुळे कमी झाला?
२. ॲलिस यांच्यावर लोकांनी विश्वास का ठेवला नाही?
३. तुमच्या घरी दूध कसं तापवतात? आईला किंवा आजीला विचारून पाच वाक्यं लिहा.