एडाच्या तक्त्यातली चौथी ओळ

गोष्ट मे महिन्यातली. गडचिरोलीकडच्या माझ्या एका ज्युनिअरने गावच्या ग्रामसभेसाठी तेंदुपत्त्याच्या हिशेबाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. कमांड लाइनवर दोन फाइलींची नावं द्यायची. पहिली आजच्या नोंदींची, ती वाचायची. दुसरी एकूण हिशेबाची, तिच्यात लिहायचं. आर्ग्युमेंट वाचणारा भाग त्याने बदलला आणि दादा, एकदा बघून द्या म्हणून माझ्याकडे आणला. चंद्रपूरचं ऊन, त्यात लाइट गेलेली! मी इंडेंटेशन पाहिलं, व्हेरिएबलची नावं पाहिली अन् बरोबर आहे म्हणून सांगून मोकळा झालो.

बदलात दोन्ही आर्ग्युमेंटची अदलाबदल झाली होती. गावात प्रोग्रॅम चालला, एकही एरर आली नाही आणि त्या दिवसाच्या नोंदी पुसल्या गेल्या. कोणी किती पुडके आणले यावर मजुरी ठरते. कागदी वही होती म्हणून निभावलं. पोरगा मात्र दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

त्याच दिवसांत मी एडा लव्हलेसविषयी वाचत होतो. पहिली प्रोग्रॅमर, एवढं एक वाक्य आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. तिचं आयुष्य त्याहून कितीतरी मोठं आहे.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनचा. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ती महिन्याची असतानाच आईवडील वेगळे झाले. बायरन देश सोडून गेला आणि १८२४ मध्ये ग्रीसमध्ये वारला. मुलीला वडील पुन्हा दिसलेच नाहीत. आईने तिला ठरवून गणित शिकवलं. १८२९ मध्ये गोवर झाला आणि पुढे बराच काळ तिला कुबड्या घेऊन चालावं लागलं, पण अभ्यास सुटला नाही.

१८३३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. १८३५ मध्ये लग्न, मग तीन मुलं. संसार सांभाळून ती डी मॉर्गन या गणितज्ञाकडे शिकत राहिली. बॅबेजच्या अ‍ॅनॅलिटिकल इंजिनवर इटलीच्या मेनाब्रेआने फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १८४३ मध्ये ते छापलं गेलं. सोबत तिने जोडलेल्या टिपा मूळ लेखापेक्षा कितीतरी लांब होत्या.

या यंत्राला वेगवेगळी कार्डं लागणार होती. काही क्रियेची, म्हणजे बेरीज की भागाकार ते सांगणारी. काही चलांची, म्हणजे कोणत्या रकान्यातला आकडा घ्यायचा ते सांगणारी. आपल्या भाषेत, कमांड वेगळी आणि आर्ग्युमेंट वेगळी!

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचा तक्ता आहे. त्यासाठीचं बीजगणित बॅबेजने करून दिलं होतं. त्यातली मोठी चूक एडाने पकडली आणि कागद परत पाठवले. बॅबेजने पुढे आत्मचरित्रात हे मोकळेपणाने कबूल केलं. कोड रिव्ह्यू म्हणतात तो आणखी काय असतो?

पण गंमत पुढेच आहे. छापलेल्या तक्त्यात चौथ्या ओळीत भागाकार आहे. चौथ्या रकान्याला पाचव्याने भागायचं होतं, तिथे पाचव्याला चौथ्याने भागा असं छापलं गेलं. क्रिया बरोबर, आर्ग्युमेंट उलटी! बेरजेत हे खपलं असतं, भागाकारात नाही. यंत्र कधी पूर्ण झालंच नाही, त्यामुळे तक्ता त्यावर चालवून बघणंही झालं नाही.

एडा २७ नोव्हेंबर १८५२ रोजी कॅन्सरने गेली. वय फक्त ३६. तिच्या इच्छेप्रमाणे तिला वडिलांशेजारीच पुरलं. पुढे एका प्रोग्रॅमिंग भाषेला तिचं नाव मिळालं.

हे वाचून मी आमची टेस्ट पुन्हा काढून पाहिली. दोन्ही जागी आम्ही एकच फाइल दिली होती! मग उलटसुलट कळणार कसं? ज्युनिअरला बोलावलं, चौथी ओळ दाखवली आणि चूक लिहिताना तुझी झाली असेल, पण पास मी केली, हे कबूल केलं. तेव्हा कुठे तो हसला.

असो. आता दोन वेगळ्या फाइली देऊन, क्रम उलटा करून, स्वतः चालवून बघितल्याशिवाय मी कोणाच्याही कोडला बरोबर म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.