संत्र्याच्या कुंडीतून निघालेला पूल

आपल्या अंकाच्या कन्नड विभागात सर एम. विश्वेश्वरय्यांवर बहुधा दरवर्षी एक लेख असतो, आणि तो असावाच. धरणे-पुलांच्या गोष्टीत मात्र एका माळ्याचेही नाव घ्यावे लागते. बांधकामशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव पहिल्या वर्षीच भेटते. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या कानावर ते येण्याचे कारण नाही. तरी या माणसाच्या आयुष्याचा जमाखर्च मांडायला बसले, तर तो आमच्याच विषयाचा निघतो. त्यांचे नाव जोसेफ मोनिए.

मोनिए यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८२३ रोजी फ्रान्सच्या दक्षिण भागात, उझेस शहराजवळच्या सें-कांतें-ला-पोतरी या खेड्यात झाला. गावाच्या नावातच कुंभारकी आहे. पण मोनिएंचे घर कुंभारांचे नव्हते. घरची मंडळी उझेसच्या ड्यूकच्या पदरी बागकाम करीत. घरात दहा मुले, आणि शेतात-बागेत हात हवेत. त्यामुळे जोसेफला शाळेचे तोंड दिसले नाही. सतराव्या वर्षी मात्र त्याच्या हातातले कसब पाहून ड्यूकने त्याला पॅरिसच्या वाड्यावर कामाला नेले. दिवसा बाग आणि रात्री वर्ग, असे करून तो लिहायला-वाचायला शिकला.

१८४६ साली त्यांनी ड्यूकची नोकरी सोडली व पॅरिसच्या राजवाड्याला लागून असलेल्या त्विलेरी बागेत ते रुजू झाले. तिथे त्यांच्याकडे संत्र्या-नारिंगांची झाडे होती. आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण पॅरिसची थंडी या झाडाला सोसत नाही. म्हणून ती मोठमोठ्या कुंड्यांत लावायची, उन्हाळ्यात बाहेर मांडायची आणि हिवाळा आला की काचेच्या लांबलचक घरात ओढून न्यायची. या ये-जा करण्यात मातीच्या कुंड्या फुटत. लाकडाची पिंपे केली तर ओलीने कुजत आणि मुळ्या त्यातून आरपार निघत. मोनिएंनी सिमेंटच्या कुंड्या करून पाहिल्या, त्याही तडकल्या. मग त्यांनी लोखंडी तारांची जाळी कुंडीच्या आकारात वळवली आणि तिच्यावर सिमेंटचा थर चढवला. ही कुंडी टिकली.

लोखंड आणि सिमेंट यांची गाठ घालणारे मोनिए पहिले होते असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्यांच्याच देशात लांबो नावाच्या गृहस्थांनी १८४८ च्या सुमारास अशीच जाळी घालून एक होडी केली होती आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांनी पाहिलीही होती. इंग्लंडात विल्किन्सन यांनी १८५४ मध्ये अशा तक्तपोशीचे पेटंट घेतले होते. मोनिएंचे वेगळेपण एवढेच की कुंडी झाल्यावर ते थांबले नाहीत. १६ जुलै १८६७ रोजी त्यांनी कुंड्यांचे पेटंट घेतले, १८६८ मध्ये नळ आणि हौदांचे, १८६९ मध्ये भिंतींच्या फळ्यांचे, १८७३ मध्ये पुलांचे, १८७८ मध्ये तुळयांचे. कुंडीला तळ नसला की नळ होतो, नळ उभा चिरला की कमान होते, आणि कमान ओढ्यावर ठेवली की पूल! निदान मला तरी या पेटंटांची रांग अशी वाचता येते.

मध्ये १८७०-७१ चे युद्ध आले. पॅरिसला वेढा पडला. पुढच्या दंगलीत त्विलेरीचा राजवाडाच जळाला. पण मोनिएंचे हात चालू राहिले. १८७५ साली शाझले येथील एका गढीच्या खंदकावर त्यांनी सुमारे १४ मीटर लांबीचा आणि सव्वाचार मीटर रुंदीचा पूल बांधला. लोखंड घातलेल्या काँक्रीटचा हा जगातला पहिला पूल मानतात. माळीच तो! पुलाच्या कठड्याला त्यांनी सिमेंटमध्येच झाडाच्या फांद्यांचा आकार दिला.

हे दोन पदार्थ एकत्र का नांदतात? काँक्रीट दाबले तर भरपूर सोसते, ताणले तर चटकन तडकते. लोखंड ताण उत्तम सोसते. उन्हात दोघेही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून एकमेकांना सोडून जात नाहीत; हा निव्वळ योगायोग आहे. शिवाय सिमेंटमधला क्षार लोखंडाला गंजू देत नाही.

आता जरा संत्र्यांच्या आपल्या मुलखात येऊ. माझ्या मावशीचे सासर सावरगावचे. मध्ये जाम नदी, पलीकडे पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे हे गाव वर्तमानपत्रांत येते, पण तिथल्या माणसाला विचाराल तर तो आधी संत्र्याचे बोलेल. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. हा सगळा पट्टा बागांचा. आंबिया बहार असो की मृग बहार, माल बाहेर पडायचा तो ट्रकने, आणि बागेपासून सडकेपर्यंत दोन-तीन नाले आडवे असतातच.

गणिताच्या पुस्तकाप्रमाणे समजा, अशा एका नाल्यावर पन्हळी पत्र्याच्या कमानीची मोरी आहे. (तिकडे तिला पुलिया म्हणतात.) पन्हळी पत्र्याच्या मोरीचे पेटंट अमेरिकेत १८९६ साली निघाले. पत्रा हलका, नटबोल्टांनी जोडला की दोन दिवसांत मोरी उभी, खर्चही कमी. पण ती उभी राहते पत्र्याच्या जोरावर नव्हे. वरून भार आला की कमानीच्या कुशी बाहेर फुगू पाहतात आणि बाजूची माती त्यांना आत रेटते. ही माती म्हणजेच तिचे खरे खांब. म्हणून बाजूला मुरूम भरावा, पातळ थरांनी, दोन्हीकडे सारखा, आणि प्रत्येक थर धुमसून. आपली काळी माती इथे अगदी वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पत्रा निराधार होतो. त्यात माथ्यावरची माती वाहून जाऊन वीतभर उरली, तर चाकाचा भार थेट कमानीच्या डोक्यावर बसतो. बैलगाडीच्या काळात हे खपून गेले असते. २०१८ मध्ये सरकारने चार टायरांच्या एका आसावरचा परवानगीचा भार १०.२ टनांवरून ११.५ टन केला. म्हणजे मोरी तीच आणि पाहुणा अधिक जड.

पत्रा धड असेल तर अशी मोरी उकरून टाकायचे कारण नाही. तिला मोनिएंचा उपाय लागू पडतो. माथ्यावर सळ्या घालून काँक्रीटची लादी टाकायची, ती कमानीच्या दोन्ही कडांच्या बरीच पलीकडे घट्ट जमिनीवर टेकवायची. मग चाकाचा भार कमानीला वळसा घालून जमिनीत जातो. किंवा कमानीच्या खांद्यांपासून वरपर्यंत जाळी बांधून काँक्रीटचे कवच चढवायचे. पत्रा आयतेच सेंटरिंगचे काम करतो. पत्रा आतून गंजला असेल तर आत जाळी ठोकून काँक्रीटचा फवारा मारतात, मात्र त्याने पाण्याची वाट तेवढी अरुंद होते, हे नाल्याचा पूर पाहूनच ठरवावे.

पण यातही मेख आहे. ओले काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते. ते एका बाजूने ओतत गेले तर ट्रक येण्याआधी काँक्रीटच कमान वाकडी करील. म्हणून आतून टेकू द्यायचे आणि दोन्ही बाजूंनी सारखे चढत यायचे. गुळगुळीत पत्र्याला काँक्रीट आपणहून धरत नाही. बोल्ट किंवा आकडे बसवून ते पकडवावे लागते. आणि सर्वांत आधी पाया पाहायचा. बिनतळाची कमान दोन पायांवर उभी असते. पुराने ते पाय खरवडलेले असतील, तर वर ओतलेले काँक्रीट म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे. गावोगाव बिल निघते ते वरच्या दिसणाऱ्या काँक्रीटचे. पायात काय घातले, हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोण विचारतो?

लोखंड नेमके कोठे आणि किती घालावे, हाच प्रश्न मोनिएंच्या आयुष्यात आडवा आला. ते हाताने शिकलेले. जाळी घातली की वस्तू टिकते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. भार आला तर कोणत्या सळीवर किती ताण येतो, याचे गणित त्यांच्याजवळ नव्हते. १८८४-८५ च्या सुमारास जर्मनीतील हक्क तिकडच्या व्यापाऱ्यांनी घेतले आणि ते अखेरीस वाइस नावाच्या अभियंत्याच्या हाती आले. वाइस आणि त्यांचे सहकारी केनेन यांनी कमानी, लाद्या, नळ यांच्यावर वजने ठेवून त्या मोडेपर्यंत चाचण्या घेतल्या. लोखंड जाडीच्या मधोमध नको, जिकडे ताण येतो तिकडे हवे, हे केनेन यांनी हिशेबाने दाखवले. १८८७ साली वाइस यांनी या पद्धतीवर पुस्तक काढले. त्यावर नाव मोनिएंचेच होते. पण कामे मिळाली ती आकडे दाखवू शकणाऱ्यांना. सरकारी अधिकारी कुंडी पाहून पूल मंजूर करीत नाही, तो तक्ता मागतो. मला वाटते, मोनिएंनी विकला तो हक्क त्यांच्या अंदाजापेक्षा फार मोठा होता, आणि तो मोठा आहे हे कळायला जे गणित लागत होते तेच त्यांच्याकडे नव्हते.

गणित असूनही सगळे सुरळीत झाले असे नाही. ऑस्ट्रेलियात जॉन मोनॅश या अभियंत्याने मोनिए पद्धतीच्या कमानीचे पूल बांधले. त्यांपैकी बेंडिगो गावचा किंग्ज ब्रिज मे १९०१ मध्ये भाराची चाचणी चालू असतानाच कोसळला व एक जण ठार झाला. पूल नाल्याला तिरका होता, आणि तिरक्या कमानीत भार कसा वाहतो हे तेव्हाच्या हिशेबात पुरते बसत नव्हते. मोनॅश यांनी तो पुन्हा स्वखर्चाने बांधून दिला.

तोवर मोनिए धंद्यातून बाजूला पडले होते. १८८८ साली त्यांचे दिवाळे निघाले. त्यांनी नव्या नावाने पुन्हा धंदा मांडला, १८९१ मध्ये तारांच्या भूमिगत नळ्यांचे आणखी एक पेटंट घेतले. पण १८९२ पासून फ्रान्समध्ये एनबिक यांची पद्धत पुढे आली आणि म्हाताऱ्या माळ्याकडे कोणी वळेना. अखेरीस इतकी हलाखी आली की त्यांच्या मदतीसाठी बांधकाम व्यवसायातील लोकांना आवाहन करावे लागले. मार्च १९०६ मध्ये ते पॅरिस येथे वारले.

शाझलेचा पूल शिल्लक आहे, फांद्यांच्या कठड्यासह. जर्मनीत काँक्रीटमधल्या सळीला पुढे मोनिए-लोखंड म्हणू लागले, आणि सळ्यांवर तार पिळायच्या पकडीला तिकडचे कामगार आजही मोनिए-पकड म्हणतात.