विल्यम ऑकर
हिवाळ्यात ग्वाल्हेरवर दाट धुके उतरते. अशा धुक्यात केवळ यंत्रांच्या आधारे विमान कसे चालवावे, हे वैमानिकांना शिकविणारे एक आद्य गुरू म्हणजे अमेरिकन सेनेतील विल्यम ऑकर (१८८०–१९४२). १९२६ साली वैद्यकीय तपासणीत त्यांना डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसविले. खुर्ची थांबली, तरी आपण उलट दिशेने फिरत आहो असेच त्यांना वाटे. मुरलेल्या वैमानिकास आपलेच शरीर फसविते! धुक्यात कित्येकांचे प्राण याच भ्रमाने घेतले होते. ऑकरांनी बंद पेटीत दिवा व वळणदर्शक यंत्र बसविले. त्यात पाहून दिलेली उत्तरे बरोबर ठरली. कार्ल क्रेन यांच्यासह त्यांनी हीच खुर्ची, हीच पेटी घेऊन शिक्षणक्रम आखला. १९३० साली त्या दोघांच्या विमानाने टेक्सासहून इलिनॉयपर्यंत सुमारे ९०० मैलांचा प्रवास केला. चालकाची बैठक झाकलेली होती.