देहूच्या मोरे घराण्याची आठवी पिढी

इंद्रायणीकाठच्या देहू गावातील मोरे घराण्याची वंशावळ विश्वंभरबुवांपासून सांगितली जाते. विश्वंभर, हरी, विठ्ठल, पदाजी, शंकर, कान्होबा आणि बोल्होबा अशा सात पिढ्यांनंतर नाव येते ते तुकारामांचे. शेती, सावकारी, बाजारपेठेची महाजनकी आणि पंढरीची वारी या कुणबी घराण्यात वडिलोपार्जित चालत आली होती. घरातील विठ्ठलमूर्तीची स्थापना विश्वंभरबुवांनी केली, अशी परंपरा आहे.

बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी १६०८ मध्ये जन्मलेले तुकोबा तीन भावांतील मधले. थोरले सावजी वृत्तीने विरक्त असल्याने प्रपंचाचा आणि व्यापाराचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. पुढे आईवडिलांचे छत्र हरपले, सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात गुरे दगावली, व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी रखमाबाई व मुलगा संतू यांचा मृत्यू झाला.

या आघातांनंतर तुकोबांनी घराण्याच्या कर्जखतांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबा यांना दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. दुष्काळाने नागवलेली कुळे ऋणमुक्त झाली. मात्र दुसरी पत्नी जिजाबाई यांच्यापुढे मुलाबाळांच्या रोजच्या भाकरीचा प्रश्न उभा राहिला. भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनात बुडालेल्या पतीसाठी भाकरी घेऊन चढणाऱ्या जिजाबाईंचा त्रागा लोककथांतून रंगविला गेला; त्यामागील ही ओढाताण मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते.

पुढे त्यांच्या अभंगांनी मराठी मुलुख भारला. ते लिहून ठेवणाऱ्यांमध्ये चाकणचे संताजी जगनाडे यांचे नाव आदराने घेतले जाते. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांचे निर्वाण झाले. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो.

धाकटे पुत्र नारायणबुवा यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला आणि नवव्या पिढीने घराण्याच्या वारीला नवे रूप दिले. आज ही पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधून वाट काढत पुण्याकडे जाते. सावकारीचे कागद बुडाले, तरी सात पिढ्यांनी जपलेली पंढरीची वाट मात्र वंशजांनी मोडू दिली नाही.