गळ, गलबत आणि झेन ग्रे

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकापासून बेटांची एक लांबलचक माळ समुद्रात उतरत गेली आहे. या बेटांना ‘फ्लोरिडा कीज’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीने या बेटांवरून, भर समुद्रातून रेल्वे नेण्याचा घाट घातला, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढले होते. ही रेल्वे १९१२ मध्ये थेट की वेस्टपर्यंत पोहोचली. तिच्या वाटेवर लाँग की नावाचे एक चिंचोळे बेट लागते. तेथील कमानींच्या प्रचंड पुलासाठी कामगारांची वसाहत उभारण्यात आली होती. काम संपले, कामगार पुढे सरकले आणि रेल्वे कंपनीने त्या रिकाम्या जागेचे रूपांतर हौशी मासेमारांच्या निवासी तळात केले. लाकडी खोल्या, नारळाची झाडे, पांढरी वाळू आणि दोन्ही बाजूंना उथळ निळे-हिरवे पाणी असे या तळाचे स्वरूप होते. तेथे जाण्यास रस्ता नव्हता. आगगाडीने किंवा बोटीनेच जावे लागे. तेव्हा जे लागेल ते सारे बरोबर न्यायचे, विसरले तर त्यावाचून राहायचे, हा तेथील नियमच होता. हिवाळ्यात या तळावर उतरणाऱ्या पाहुण्यांत १९१० च्या दशकात एक नाव वारंवार आढळते. ते म्हणजे कादंबरीकार झेन ग्रे.

ग्रे यांचे नाव आपल्याकडे इंग्रजी वाचणाऱ्या जुन्या पिढीला परिचित आहे ते काऊबॉयच्या कादंबऱ्यांमुळे. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ने अमेरिकेच्या वाळवंटी पश्चिमेचे चित्र लक्षावधी वाचकांच्या मनावर कोरले आणि हॉलिवूडलाही वर्षानुवर्षे कथानके पुरवली. मात्र या लेखकाला स्वतःला विचारले असते, तर त्याने आपली ओळख आधी मासेमार आणि मग कादंबरीकार अशी करून दिली असती, असे त्याच्या दिनक्रमावरून वाटते. लेखनातून पैसा मिळत असे आणि तो पैसा समुद्रात जात असे.

त्यांचा जन्म ३१ जानेवारी १८७२ रोजी ओहायो राज्यातील झेन्सव्हिल येथे झाला. हे गाव त्यांच्या आईच्या पूर्वजांनी वसवलेले. आई-वडिलांनी ठेवलेले नाव पर्ल, म्हणजे मोती. मुलीला शोभणाऱ्या या नावाचा त्यांना पुढे कंटाळा आला आणि त्यांनी ते टाकून दिले. वडील दंतवैद्य होते आणि स्वभावाने कमालीचे कडक. मुलाने लिहिलेली पहिली गोष्ट त्यांनी फाडून टाकली आणि वर त्याला मारही दिला. मुलाने दंतवैद्य व्हावे हा त्यांचा हट्ट होता. मुलगा झालाही. बेसबॉलमधील कौशल्याच्या बळावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश मिळवून त्याने १८९६ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये दवाखाना थाटला. परंतु मन दवाखान्यात रमेना. सवड मिळताच तो धाकटा भाऊ आर. सी. याच्यासह डेलावेअर नदीकाठी गळ टाकून बसू लागला. याच नदीवर लॅकवॅक्सन येथे १९०० मध्ये त्यांची भेट लीना रॉथ या तरुणीशी झाली. सारे तिला डॉली म्हणत. १९०५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

डॉली यांच्याविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सारी गलबते त्यांच्या पाठबळावर तरंगली. त्या सुशिक्षित होत्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे वारशाने आलेला थोडाफार पैसा होता. तो त्यांनी पतीच्या लेखनासाठी खर्ची घातला. ग्रे यांचे व्याकरण कच्चे होते. डॉली हस्तलिखिते तपासत, दुरुस्त करत. प्रकाशकांशी करार करणे, बिले भागवणे, तीन मुलांना वाढवणे हेही त्यांच्याकडेच होते. सुरुवातीची पुस्तके प्रकाशक नाकारत असताना दवाखाना सोडून लिहीतच राहण्याचे धैर्य ग्रे यांना मिळाले ते या घरामुळे. १९१० नंतर यश आले आणि ते आले तेव्हा छप्पर फाडून आले.

लाँग कीवर ग्रे यांना दोन मासे भेटले. एक सेलफिश, पाठीवर शिडासारखा पंख उभारून लाटांवर उसळणारा. दुसरा बोनफिश. हा दुसरा मासा दिसायला साधा, चंदेरी रंगाचा, वजनाने जेमतेम काही किलोंचा आणि इतका काटेरी की ताटात कोणी त्याचे स्वागत करत नाही. पण भरतीचे पाणी चढू लागले की तो गुडघाभर पाण्यातील वाळूवर खेकडे व शिंपले टिपायला येतो. त्याची सावली तेवढी दिसते, मासा दिसत नाही. होडीत पाय आपटला, काठीची सावली पाण्यावर पडली, तरी तो नाहीसा होतो. आमिष तो अलगद काढून घेतो आणि गळ लागलाच तर दोराचे शेकडो फूट क्षणार्धात ओढून नेतो. कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. खडकावर बसून गरवणारा जुना माणूस मासा लागण्याआधीच दोरीतून त्याची चाहूल ओळखतो. ग्रे यांना ही चाहूल ओळखायला बराच काळ लागला. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टेल्स ऑफ फिशेस’ या त्यांच्या पुस्तकात या छोट्या माशाला अवाढव्य तलवारमाशांच्या बरोबरीने स्थान मिळाले आहे.

त्या काळी अशा सहलीची तयारी म्हणजे काय, हे आज समजणे अवघड आहे. नायलॉनचा दोर नव्हता. जवसाच्या तागाचे पीळदार दोर वापरले जात. एकेक धागा सुमारे तीन पौंडांचा ताण सोसतो, असे गणित होते. म्हणजे ३९ धाग्यांचा जाड दोर सुमारे ११७ पौंड, अर्थात ५३ किलोंपर्यंत टिकणार. हा दोर खाऱ्या पाण्यात भिजून तसाच राहिला तर कुजतो. म्हणून रोज संध्याकाळी तो रिळावरून उलगडून, धुऊन, वाळवून पुन्हा गुंडाळावा लागे. जुन्या धाटणीच्या रिळाला आतून रोध नसे. मासा पळू लागला की मूठ उलटी गरगरत असे आणि बोटे सोलवटून काढत असे. काठ्या लाकडाच्या किंवा बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या असत. त्यांना उन्हाचा आणि दमट हवेचा त्रास होई, म्हणून त्या एकीला दोन, दोहोंना चार अशा न्याव्या लागत. या साऱ्यात ग्रे कमालीचे काटेकोर होते. साधनांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला आणि त्यांत सतत सुधारणा करवून घेतल्या. पुढे इंग्लंडमधील हार्डी ब्रदर्स या प्रख्यात कंपनीने मोठ्या माशांसाठी त्यांच्या नावाचे रीळच बाजारात आणले.

१९१७ मध्ये लाँग की फिशिंग क्लबची स्थापना झाली आणि ग्रे तिचे पहिले अध्यक्ष झाले. सेलफिश केवळ छायाचित्रासाठी मारून धक्क्यावर टांगायचे आणि मग फेकून द्यायचे, अशी तेथील रीत होती. क्लबने तिला आळा घालण्याचे ठरवले. हलक्या काठीने, बारीक दोराने मासा पकडणाऱ्याचा गौरव करायचा आणि नको असलेला मासा सोडून द्यायचा, हा विचार त्या काळात नवा होता. येथपर्यंत ग्रे यांच्याविषयी केवळ आदरच वाटतो.

पण पुढील वीस वर्षांचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. काठ्या जाड होत गेल्या आणि मासे मोठे. १९२४ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर त्यांनी ७५८ पौंडांचा, म्हणजे ३४४ किलोंचा ट्यूना पकडून जागतिक विक्रम केला. कुपा म्हणून आपल्या बाजारात येणाऱ्या माशाचाच हा राक्षसी भाऊबंद. त्याच भागात त्यांनी तीन डोलकाठ्यांचे १९० फुटी गलबत विकत घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘फिशरमन’. या गलबतावर लहान मोटारबोटी चढवल्या, काठ्या-रिळांच्या पेट्या, चलच्चित्राचे कॅमेरे आणि छायाचित्रकार घेतले आणि १९२५ मध्ये गलापागोस बेटांकडे प्रयाण केले. एका माणसाच्या मासेमारीसाठी एवढा लवाजमा! लाँग कीचा पाहुणा रेल्वे कंपनीच्या तळावर उतरत असे. आता ग्रे स्वतःचा तळ पाठीवर घेऊन निघाले होते.

१९२६ मध्ये ते न्यूझीलंडला गेले. तेथील बे ऑफ आयलंड्समधील उरुपुकापुका बेटावर त्यांनी तंबू ठोकले आणि या ठिकाणाला जगाच्या नकाशावर आणले. त्याच वेळी स्थानिक मासेमारांच्या साधनांवर आणि तीन तोंडांच्या गळांवर टीका करून त्यांचा रोषही ओढवून घेतला. पाहुण्याने घरच्या माणसांना त्यांच्याच समुद्रात धडे द्यावेत, हे कोणाला रुचणार? गंमत अशी, की त्या मोहिमेतील सर्वांत मोठा मासा ग्रे यांच्या गळाला लागला नाही. त्यांचे सोबती कॅप्टन लॉरी मिचेल यांनी ९७६ पौंडांचा काळा मार्लिन ओढून काढला. मनाच्या तळाशी ही बोच राहिली असावी. ताहितीत वैराओ येथे त्यांनी कायमस्वरूपी तळ उभारला आणि १९३० मध्ये तेथेच १,०४० पौंडांचा, म्हणजे ४७२ किलोंचा मार्लिन त्यांच्या हाती आला. काठी आणि रिळाने पकडलेला हजार पौंडांवरचा हा पहिला मासा मानला जातो. मात्र होडीजवळ येता येता शार्कनी त्याचे लचके तोडले होते. अशा माशाची विक्रम म्हणून नोंद होत नाही.

या मोहिमांचे दुसरे पान कॅलिफोर्नियातील घरी लिहिले जात होते. ग्रे महिनोन्‌महिने समुद्रावर असत. मांडीवर फळी ठेवून पेन्सिलीने ते तळावरही लिहीत, पण त्या कागदांचे पुस्तक करणे आणि पुस्तकाचे पैसे करणे हे काम डॉली यांचे होते. मिळकतीचे दोघांत निम्मे-निम्मे वाटप ठरलेले होते. ग्रे यांच्या प्रवासात तरुण स्त्रिया चिटणीस म्हणून सोबत असत आणि या संबंधांचे स्वरूप डॉली यांच्यापासून लपलेले नव्हते. पती-पत्नींचा पत्रव्यवहार २००८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात माया आहे, संताप आहे आणि पानोपानी खर्चाचा हिशेब आहे. १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीत मासिकांचे मानधन घटले. तशातच ग्रे यांनी आणखी मोठे जहाज घेऊन जगप्रदक्षिणेचा बेत आखला. तो पॅसिफिकमध्येच गुंडाळावा लागला. कर्जाची पत्रे डॉली यांच्या मेजावर साचली. त्यांना धीरोदात्त म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. पण त्या पत्रांतील स्त्री दमलेली आहे, हेही तितकेच खरे.

१९३६ मध्ये ग्रे ऑस्ट्रेलियात होते. बर्मागुईच्या किनाऱ्यावर मासे पकडून झाले, ‘व्हाइट डेथ’ नावाच्या चित्रपटात स्वतःचीच भूमिका करून झाली. तत्पूर्वी २ सप्टेंबर १९३५ रोजी फ्लोरिडा कीजवर भीषण चक्रीवादळ आदळले होते. त्यात चारशेहून अधिक माणसे दगावली. रस्त्याच्या कामावर असलेल्या पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांचा त्यांत मोठा भरणा होता. रेल्वे उखडली गेली ती पुन्हा बांधली गेली नाही. लाँग कीचा तळही वाहून गेला.

१९३७ मध्ये ओरेगॉनमधील अम्प्क्वा नदीवर मासेमारी करताना ग्रे यांना पक्षाघाताचा झटका आला. नदीच्या गोड्या पाण्यात पिसे आणि दोरा गुंफून केलेली कृत्रिम माशी फेकून मासे पकडण्याचा छंद त्यांना होता. समुद्रात मात्र बोनफिशसाठी त्यांनी खेकड्याचेच आमिष वापरले. लाँग कीपासून जवळच असलेल्या इस्लामोराडा येथे १९४७ मध्ये जो ब्रूक्स यांनी वाटाड्या जिमी अल्ब्राइट यांच्या साहाय्याने मुद्दाम माशी फेकून बोनफिश पकडला आणि खाऱ्या पाण्यातील या खेळाला नवे वळण मिळाले. आज बहामा, बेलीझ किंवा सेशेल्सच्या मासेमारी निवासात जाणारा पाहुणा हलकी काठी, माशांची डबी, पाण्यावरची चकाकी रोखणारा चष्मा आणि वाळूत घालायचे बूट एवढे एका पिशवीत घेऊन निघतो आणि पकडलेला बोनफिश सोडून देतो. फ्लोरिडात तर २०१३ पासून तसा नियमच आहे.

२३ ऑक्टोबर १९३९ रोजी अल्टाडेना येथील घरी ग्रे यांचे निधन झाले. घरात अप्रकाशित हस्तलिखितांचा साठा होता. त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे नवी पुस्तके येत राहिली. डॉली यांचे १९५७ मध्ये निधन झाले. दोघांच्या अस्थी लॅकवॅक्सन येथे, डेलावेअर नदीपासून जवळच्या दफनभूमीत आहेत.