कुर्तुब्याचे काझी इब्न रुश्द

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की लोक मशिदीच्या गच्चीवर, मोकळ्या मैदानात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात. चाँद दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर तिसावा रोजा. आभाळ ढगाळ असले की फोनाफोनी सुरू होते. अमुक शहरात दिसला म्हणे, तमुक कमिटीने अजून जाहीर केलेले नाही. आणि मग दरवर्षीचा वाद. चंद्र कुठे आहे हे गणिताने मिनिटापर्यंत सांगता येत असताना डोळ्यांनीच पाहण्याचा आग्रह का? हा वाद विज्ञानयुगात निघाला असे ज्यांना वाटते, त्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका काझींनी लिहिलेला ग्रंथ जरूर पाहावा.

ग्रंथाचे नाव 'बिदायत-उल-मुज्तहिद'. इस्लामी कायद्यात इमामांचे मतभेद कुठे झाले आणि का झाले, हे त्यात एकेक प्रश्न घेऊन मांडले आहे. रोजाच्या प्रकरणात चाँदची चर्चा येते. ढग असतील तर महिना तीस दिवसांचा धरावा, हे बहुतेकांचे मत काझीसाहेब देतात. पण अशा वेळी गणिताचा आधार घ्यावा असे म्हणणारा एक विद्वान अगदी आरंभीच्या पिढ्यांत होता, हेही ते लपवत नाहीत. हदीसमधल्या एका शब्दाचे दोन अर्थ लागतात, म्हणून हा फरक पडला, असे ते दाखवतात. पुढे प्रश्न येतो की दिवसाउजेडी चंद्र दिसला तर तो गेल्या रात्रीचा धरायचा की येणाऱ्या रात्रीचा. इथे मात्र काझीसाहेब मोठमोठ्या इमामांनाही टोकतात. जी गोष्ट निरीक्षणाने आणि अनुभवाने ठरवायची, तिच्यासाठी जुने दाखले शोधत बसल्यामुळे हा मतभेद झाला, असे ते स्पष्ट लिहितात. आभाळाचा प्रश्न आभाळाला विचारावा, असा त्याचा अर्थ.

हे काझी म्हणजे अबुल वलीद मुहम्मद इब्न रुश्द. युरोप त्यांना अ‍ॅव्हेरोस म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म 1126 मध्ये कॉर्डोब्यात झाला, अरबीत कुर्तुबा. इक्बालच्या कवितेमुळे उर्दू वाचकांना जी मशीद परिचयाची आहे, तिचे हे शहर. आजोबा तिथले मुख्य काझी आणि त्या जामा मशिदीचे इमाम होते. नातू जन्मला त्याच वर्षी आजोबा वारले. दोघांचे नाव एकच, म्हणून अरबी ग्रंथांत एकाला 'आजोबा' आणि दुसऱ्याला 'नातू' असे जोडून लिहितात. वडीलही काझी. अशा घरातल्या मुलाने काय शिकायचे हे ठरलेलेच होते. कुराण, हदीस, मालिकी पंथाचा कायदा. इमाम मालिक यांचा 'मुवत्ता' हा ग्रंथ त्यांनी तोंडपाठ केला. त्याच्या जोडीला वैद्यक शिकले आणि मग ग्रीक तत्त्वज्ञान. वाचनाचा नाद असा की, वडील वारले ती रात्र आणि स्वतःच्या लग्नाची रात्र सोडली तर आयुष्यात एकही रात्र त्यांनी पुस्तकाविना काढली नाही, असे जुने चरित्रकार सांगतात.

कुर्तुब्याची आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. इब्न रुश्द यांच्या जन्माच्या सतरा वर्षे आधी, 1109 मध्ये, या शहरात इमाम गझाली यांचा 'इह्या' हा ग्रंथ जाहीरपणे जाळला गेला होता. गझाली म्हणजे श्रद्धेचे मोठे कैवारी, आज घराघरांत आदराने घेतले जाणारे नाव. त्यांचाही ग्रंथ त्या वेळच्या काझींना धर्माला धोकादायक वाटला. पुस्तक जाळणाऱ्यांना लेखक कोणत्या बाजूचा आहे याने फारसा फरक पडत नाही.

इब्न रुश्द बावीस वर्षांचे असताना शहरावर मोरोक्कोतून आलेल्या अल-मोहाद घराण्याची सत्ता आली. हे राज्यकर्ते धर्माबाबत कडक. त्यांच्या जाचाने अनेक ज्यू आणि ख्रिस्ती कुटुंबांना घरदार सोडावे लागले. पुढे ज्यू धर्माचे थोर पंडित झालेले मूसा इब्न मैमून हेही मूळचे कुर्तुब्याचेच, त्यांचे कुटुंबही असेच बाहेर पडले. आणि गंमत अशी की याच घराण्याचा खलीफा अबू याकूब यूसुफ खासगीत तत्त्वज्ञानाचा शौकीन होता.

त्याच्या दरबारातली पहिली भेट इब्न रुश्द यांच्या एका शिष्याने पुढे सांगितली आणि इतिहासकाराने ती टिपून ठेवली. साल साधारण 1169. दरबारचे हकीम आणि तत्त्वज्ञ इब्न तुफैल त्यांना घेऊन गेले होते. खलीफाने नाव-गाव, घराणे विचारले आणि लगेच प्रश्न टाकला की हे आभाळ अनादी आहे की निर्माण झालेले, याबद्दल तत्त्वज्ञांचे काय म्हणणे आहे. प्रश्न साधा नव्हता. ग्रीकांच्या बाजूने बोलावे तर धर्मद्रोह, न बोलावे तर खोटेपणा. इब्न रुश्द घाबरले. तत्त्वज्ञानाशी आपला काही संबंधच नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे सत्यासाठी ज्यांचे नाव घेतले जाते, त्या माणसाने पहिल्या प्रसंगी सत्य लपवले होते. खलीफाच्या ते ध्यानात आले. तो इब्न तुफैलकडे वळून स्वतःच त्या विषयावर बोलू लागला, अ‍ॅरिस्टॉटलचे मत, प्लेटोचे मत, मुस्लिम पंडितांचे त्यावरचे आक्षेप. तेव्हा कुठे पाहुण्याला धीर आला आणि त्यांची जीभ सुटली. परतताना बक्षिसाची रक्कम, मानाचा पोशाख आणि सवारीचे जनावर मिळाले.

थोड्याच दिवसांत मोठे काम अंगावर आले. अ‍ॅरिस्टॉटलची भाषांतरे कळत नाहीत अशी खलीफाची तक्रार होती. इब्न तुफैल यांचे वय झाले होते, त्यांनी ते काम या तरुण मित्राकडे दिले. दिवसा काझीचे काम, आधी सेव्हिलला आणि मग कुर्तुब्याला, आणि उरलेल्या वेळात अ‍ॅरिस्टॉटलवर भाष्ये. कुठे लहान, कुठे मध्यम, कुठे ओळ न ओळ उलगडणारी. सेव्हिलला असताना आपली पुस्तके कुर्तुब्यात राहिल्याची तक्रारही त्यांनी लिहून ठेवली आहे. 1182 मध्ये इब्न तुफैल यांच्या जागी ते खलीफाचे हकीम झाले, आणि पुढे आजोबांच्या गादीवर, कुर्तुब्याचे मुख्य काझी म्हणून बसले.

या कामाच्या ऐन मध्यावर त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली, 'फस्ल-उल-मकाल'. धर्म आणि बुद्धीने शोधलेले सत्य यांत भांडण लागले तर काय करायचे, हा तिचा विषय. तो त्यांनी काझीसारखाच हाताळला, जणू समोर खटला आहे आणि निकाल द्यायचा आहे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास शरीयतने मना केला आहे, मुभा दिली आहे की सक्तीचा केला आहे? त्यांचा निकाल असा की ज्याची कुवत आहे त्याच्यावर तो बंधनकारक आहे, कारण कुराण माणसाला सृष्टीकडे पाहून विचार करायला सांगते. पण हे शास्त्र तर मुस्लिम नसलेल्या ग्रीकांचे! त्यावर त्यांनी कुर्बानीच्या सुरीचा दाखला दिला. सुरी धारदार आणि योग्य असली की झाले, ती कुणाच्या मालकीची होती, त्याचा धर्म कोणता होता, हे कुर्बानी करताना कोणी विचारत नाही. तत्त्वज्ञान वाचून काही लोक बिघडले, असा आक्षेप होता. त्यालाही उत्तर होते. पाणी पिताना ठसका लागून एखादा दगावला म्हणून तहानलेल्याला पाणी नाकारायचे का?

आणि मग मुख्य मुद्दा. त्यांच्या मते सत्य हे दुसऱ्या सत्याच्या विरोधात उभे राहूच शकत नाही. पक्क्या पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट आणि धर्मग्रंथातले वचन यांत विरोध दिसला, तर त्या वचनाचा शब्दशः अर्थ धरण्यात आपली चूक होत आहे. तिथे अरबी भाषेच्या नियमांत राहून आतला अर्थ शोधावा. श्रद्धा मोठी की सत्य, या वादात त्यांनी कोणालाच हरवले नाही. चूक वाचणाऱ्याच्या माथी टाकली.

इमाम गझालींशी त्यांचा वाद याच जागेवर झाला, तोही गझाली वारल्यानंतर कित्येक वर्षांनी. गझालींनी तत्त्वज्ञांच्या वीस मतांचे खंडन केले होते आणि त्यांतल्या तीन मतांना सरळ कुफ्र ठरवले होते. कापूस आगीजवळ नेला की जळतो, पण तो आगीमुळेच जळतो असे म्हणता येत नाही, जाळणारा अल्लाह आहे, असा त्यांचा युक्तिवाद. इब्न रुश्द यांचे उत्तर होते की वस्तूंचे गुणधर्म आणि कार्यकारण नाकारले तर बुद्धीच नाकारावी लागेल, मग ज्ञान म्हणायला काही उरणार नाही. दोघेही पाच वेळची नमाज पढणारे, दोघेही कायद्याचे पंडित.

एक गोष्ट मात्र खटकते. हा आतला अर्थ सामान्य लोकांना सांगू नये, असे इब्न रुश्द यांचे ठाम मत होते. साध्या माणसाला शब्दशः अर्थच पुरे, उगाच त्याची श्रद्धा डळमळेल, असे त्यांना वाटे. गझालींवरचा त्यांचा एक राग हाच की त्यांनी असले विषय चारचौघांत आणले. सत्य थोड्यांनीच हाताळावे असे मानणाऱ्या या माणसाला बाहेरची गर्दी काय मानते, हे पुढे फार कडवटपणे कळले.

त्याची चाहूल एका अफवेने लागली होती. अमुक दिवशी प्रलयंकारी वारा सुटणार, असे भाकीत पसरले आणि घाबरलेले लोक भुयारे, गुहा शोधू लागले. कुर्तुब्याच्या सुभेदाराने विद्वानांना बोलावले. कुराणात आद नावाच्या जमातीचा वाऱ्याने नाश झाल्याचे येते. भाकीत खरे ठरले तर आदनंतरचा हा दुसरा वारा, असे कोणीतरी म्हणाले. यावर इब्न रुश्द यांचा तोल गेला आणि ते आद जमातीच्या अस्तित्वाबद्दलच शंकेचे बोलून गेले, असे चरित्रकार नोंदवतात. सभा सुन्न झाली. ही हकीकत सांगणारा माणूस त्याच सभेत होता. पण काझींना बेदीन ठरवणे त्यालाही मान्य नव्हते. वुजू केल्याचे पाणी पायांवर ओले असताना नमाजला निघालेले इब्न रुश्द त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

1195 मध्ये वादळ आले ते निराळेच. जुना खलीफा जाऊन त्याचा मुलगा अल-मन्सूर गादीवर होता, कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाशी युद्ध चालू होते आणि अशा काळात धर्मपंडितांना दुखावणे परवडणारे नव्हते. विरोधकांनी इब्न रुश्द यांच्या हस्ताक्षरातले कागद दरबारात आणले. शुक्र हा ग्रह एक देवता आहे, असे त्यांत होते. ते प्राचीन लेखकाचे मत उतरून घेतले होते, पण मागचे-पुढचे गाळून तेवढेच दाखवण्यात आले. दुसऱ्या एका ग्रंथात जिराफाचे वर्णन करताना त्यांनी खलीफाला नुसते बर्बरांचा राजा म्हटले होते, तेही निघाले. कुर्तुब्याच्या जामा मशिदीत, जिथे आजोबा इमाम होते, लोकांसमोर त्यांना धर्मापासून ढळलेला ठरवण्यात आले. वय सत्तरीला टेकलेले. हद्दपारीसाठी लुसेना हे गाव निवडले, एकेकाळची ज्यूंची वस्ती. तुमचे मूळ तिथलेच, असा टोमणा त्यात होता.

तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळण्याचे फर्मान निघाले. त्यातून सूट कोणाला होती, तर वैद्यकाला, अंकगणिताला आणि दिवस-रात्रीच्या वेळा व किब्ल्याची दिशा काढण्यापुरत्या खगोलशास्त्राला. आजही घराघरांत भिंतीवर लागणारे सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक त्याच सूट मिळालेल्या हिशोबावर चालते.

या दिवसांतला सर्वांत मोठा घाव कोणता, हे इब्न रुश्द यांनी नंतर सांगितले. हद्दपारीचा त्यांनी उल्लेख केला नाही, जळालेल्या ग्रंथांचाही नाही. अस्रच्या नमाजसाठी ते मुलगा अब्दुल्लाहबरोबर कुर्तुब्यातल्या एका मशिदीत गेले होते. काही टवाळ लोक उठले आणि त्यांनी बापलेकांना मशिदीबाहेर हाकलून दिले. ज्याने रोजे, नमाज, जकातीचे नियम लिहून दिले, त्याला सफेत उभे राहू दिले नाही.

पुढे खलीफाचा राग ओसरला आणि त्यांना मराकेशला परत बोलावले गेले. पण दिवस थोडेच उरले होते. 10 डिसेंबर 1198 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. अल-मन्सूरही दीड महिन्यात गेला.

त्यांचे ग्रंथ मुस्लिम जगापेक्षा ज्यू आणि ख्रिस्ती पंडितांनी जास्त सांभाळले. काहींची मूळ अरबी प्रत आज नाही, हिब्रू किंवा लॅटिन भाषांतरच उरले आहे. पॅरिसच्या विद्यापीठात ते इतके वाचले जाऊ लागले की 1277 मध्ये तिथल्या बिशपने 219 मतांवर बंदी घातली, त्यांत त्यांच्या नावाने चालणारी मतेही होती. म्हणजे तिथेही तेच. 'बिदायत' मात्र अरबीत टिकला आणि आजही शिकवला जातो.

शेवटचे दृश्य एका तरुण सूफीने पाहिले. पुढे फार मोठे झालेले इब्न अरबी. मिसरूड फुटले नव्हते तेव्हा वडिलांनी त्यांना इब्न रुश्द यांच्याकडे पाठवले होते. म्हाताऱ्या काझींनी उठून त्या मुलाला मिठी मारली, आणि विचाराने जे सापडते तेच ध्यानाने सापडते का, असे विचारले. मुलगा आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला, तसा काझींचा चेहरा उतरला. मराकेशला पुरलेले शव काही काळाने उकरून कुर्तुब्याला, पूर्वजांच्या कबरींजवळ नेण्यात आले, तेव्हा इब्न अरबी तिथे होते. शवपेटी जनावराच्या एका बाजूला बांधली होती. तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला तेवढेच वजन हवे होते. तिथे इब्न रुश्द यांची पुस्तके बांधली होती.