दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

शहापूर तालुक्यातील आसनगाव, खर्डी वा कसारा स्थानकावर तुम्ही अनेकदा गाडी धरली असेल. मुरबाडहून येणाऱ्यांना त्यासाठी कल्याण गाठावे लागते. याच लोहमार्गावरील दोन गावांची नावे गणिताच्या परिभाषेत रूढ झाली आहेत. ती तेथे नेणारे गणितज्ञ एक शाळाशिक्षक होते.

द. रा. कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांच्या ज्योतिषाच्या छंदामुळे आकडेमोड घरात नित्याची होती. ठाण्यातील शिक्षणानंतर कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढील पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ ही बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत अध्यापन केले.

१११ चा वर्ग १२३२१ होतो. अशा संख्यांचा विचार त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचला, म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’ ठरल्या. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून २० ही संख्या येत नाही. अशा संख्यांना त्यांनी देवळालीचे नाव दिले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ चा. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करा आणि उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. त्यांचे जन्मवर्षच पाहा : ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१; पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. सातांहून अधिक खेपा कधीच लागत नाहीत, आणि ६१७४ पुन्हा ६१७४ च देते.

हे संशोधन अनेक विद्वानांना केवळ करमणूक वाटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याची ओळख करून दिली, तेव्हा जगाचे लक्ष गेले. त्या वेळी सत्तरीचे कापरेकर, निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने, शिकवण्या करीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संख्यासिद्धांतावर आज गुप्तलेखनाची विद्या उभी आहे. कापरेकरांनी मात्र उपयोगाचा हिशेब मांडला नाही. पद, पदवी आणि मान्यता यांची वाट न पाहता अभ्यास चालू ठेवता येतो, हे त्यांच्या चरित्रातून तुम्ही ध्यानी घ्यावे.